कीबोर्ड बिघडला की ड्रायव्हर?

लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकल्यावर टचपॅड चालेनासा झाला, की ‘लिनक्सने लॅपटॉप बिघडवला’ असा समज होतो. पुष्कळदा यंत्र धडधाकट असते. अडचण ड्रायव्हरमध्ये (यंत्र आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांना जोडणारा प्रोग्राम) असते. भामरागडच्या बाजारात फक्त माडिया बोलणारा गिऱ्हाईक आणि फक्त मराठी जाणणारा दुकानदार यांच्यात दुभाषी नसेल, तर दोघांचेही काही न चुकता व्यवहार अडतो. तसेच हे.

म्हणून आधी बिघाड कुठे आहे ते ठरवा. लॅपटॉप सुरू होतानाच बायोस (ऑपरेटिंग सिस्टीमच्या आधी चालणारा मूळ प्रोग्राम) उघडा. तिथेही कळा चालत नसतील, तर दोष बहुधा यंत्रात. एखाद-दुसरीच कळ अडत असेल, तर भद्रावतीसारख्या कोळसाखाणींच्या परिसरात आधी धूळ तपासा. लॅपटॉप बंद करूनच ती झाडा. अक्षरे भलतीच उमटत असतील, तर मराठी इनस्क्रिप्ट लेआउट (मराठी टंकनासाठीची कळांची मांडणी) चालू राहिला आहे का, ते बघा. टचपॅड एफएन कळेने बंद झालेला नाही ना, हेही पाहा.

यंत्र ठीक असेल, तर यूएसबी कीबोर्ड-माउस जोडून सिस्टीम अद्ययावत करा. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलबरोबरच (सिस्टीमचा गाभा) येतात. एवढे तपासल्याशिवाय नवा कीबोर्ड विकत घेऊ नका.