पाणी काढायचा दिवस

पहाटे ५.४०. पुण्याबाहेर कोंबड्यांच्या लशीचा कारखाना. मावशी गेटवर अंगठा लावतात. शेअर रिक्षाला वीस रुपये गेले, परतीचे वीस रुमालाच्या गाठीत आहेत. घरून आंघोळ करून आल्या तरी इथे पुन्हा करायची. बांगड्या लॉकरमध्ये. घरी कोंबडी पाळायची नाही, हे कामावर घेतानाच लिहून घेतलंय.

६.३०. शीतखोलीतून ट्रे येतात. अंडी चार दिवसांपूर्वी विषाणू टोचलेली, रात्रभर ४ अंशांवर गार केलेली. का? गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात. "नाहीतर अंड्यातलं पाणी लाल येतं, मग वाया." मानमोडी या कोंबड्यांच्या रोगाचा विषाणू तांबड्या पेशींना चिकटतो आणि गाळताना त्यांच्याबरोबरच जातो.

कवच स्पिरिटने पुसायचं. हवेच्या पिशवीवरची टोपी कात्रीने गोल कापायची. पडदा चिमट्याने बाजूला, नळीने पाणी ओढायचं. बलक फुटला की अंडं बाद. एका अंड्यातून सात-आठ मिली निघतं. मी घड्याळ लावून पाहिलं, मावशींना अकरा सेकंद लागतात. मला अर्धं मिनिट लागलं आणि बलकही फुटला. उरलेली कवचं, पिल्लं ऑटोक्लेव्हमध्ये, मग भट्टीत.

९.१५. चहा. कागदावर पगार अठरा हजार, कापून हातात सोळाच्या आत. मनगट दुखतं. मलम स्वतःच्या पैशाने.

१०.००. नवी अंडी, दहा दिवसांची. दिव्यावर धरली की लाल जाळं दिसतं, मधे हलणारा ठिपका. ठिपका हलला नाही तर बाजूला. हवेच्या पिशवीची रेघ पेन्सिलने मारायची, भोक पाडायचं, ०.१ मिली लासोटा, म्हणजे मानमोडीचाच विषाणू, टोचायचा, मेणाने बुजवायचं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत हेच.

दुपारी १.३०. आता सकाळी काढलेल्या पाण्यातला विषाणू मारायचा. पूर्वी फॉर्मालिन घालायचे. मावशींच्या डोळ्यांना ते अजून आठवतं. फॉर्मालिन विषाणूच्या बाहेरच्या प्रथिनांनाही जखडून टाकतं, आणि कोंबडीच्या शरीराला ओळख पटायची ती त्यांच्यावरूनच. म्हणून आता बीईआय नावाचं रसायन. ते आतल्या आरएनएवर घाव घालतं, बाहेरचा चेहरा बराचसा शाबूत राहतो. हे रसायन इथेच तयार करतात: ब्रोमोइथिलअमीन जांभळा रंगदर्शक घातलेल्या कॉस्टिकमध्ये, ३७ अंशांवर, तासभर.

"मावशी, जांभळं गेलं का बघा," प्रयोगशाळेतल्या मॅडम म्हणतात.

"नारिंगी झालं, मॅडम."

रंग बदलला म्हणजे तयार. वास कमी म्हणून याला गरीब समजू नये, तेही विषच. हातमोजे दोन-दोन, चष्मा. विषाणू मेल्यावर उरलेलं रसायन थायोसल्फेट घालून निकामी करायचं. मग खनिज तेलात घुसळणं. कोंबडीला अर्धा मिली पुरतं. टोचताना सुई स्वतःच्या बोटात गेली तर वाट बघू नका, तेलाची लस आहे हे सांगत तडक डॉक्टरकडे जा. बोट जाऊ शकतं.

४.००. विषाणू मेला म्हणून कोण सांगतं? पुन्हा अंडीच. मारलेलं पाणी निरोगी अंड्यांत टोचायचं, दिवस भरले की त्यातलं पाणी काढून पुढच्या अंड्यांत. आज मागच्या बॅचची दुसरी फेरी उघडली. मॅडम त्या पाण्यात कोंबडीच्या तांबड्या पेशी घालून प्लेट ठेवतात. पाऊण तास कुणी काही बोलत नाही. विषाणू असला तर पेशी पसरतात. इथे प्रत्येक खळग्यात तळाशी बारीक लाल बटण बसलं.

५.३०. पुन्हा आंघोळ. बांगड्या हातात. तिसऱ्या फेरीची अंडी आज टोचली, ती पुढच्या आठवड्यात उघडतील. तोवर त्या बॅचच्या टाकीला कुलूप आहे.