बातमीतला पहिला शब्द

‘दोन गटांत हाणामारी.’ ‘जुन्या वैमनस्यातून खून.’ ‘संतप्त गावकऱ्यांचा हल्ला.’ असे मथळे वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर नेहमीच असतात. कामावर जाण्याच्या घाईत आपण ते वाचतो आणि पान उलटतो. हाणामारी झाली म्हणजे दोन्हीकडून झाली असेल, वैमनस्य होते म्हणजे दोघांचेही काहीतरी चुकले असेल, असे मन परस्पर ठरवून टाकते. मारणारा कोण आणि मार खाणारा कोण हे बातमीने सांगितलेले नसते. आपणही विचारलेले नसते.

बातमीचे हे बळ बाबासाहेबांनी फार लवकर ओळखले. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू केले. त्यासाठी राजर्षी शाहू महाराजांनी २५०० रुपयांचे साहाय्य केले. पैसे देऊ केले असतानाही ‘केसरी’ने ‘मूकनायक’ची जाहिरात छापण्यास नकार दिला, ही गोष्ट आपल्या समाजात सर्वांना ठाऊक आहे. मुंबई इलाख्यातली बहुतेक वर्तमानपत्रे विशिष्ट जातींचे हितसंबंध पाहणारी आहेत, इतरांची त्यांना पर्वा नाही, हे बाबासाहेबांनी पहिल्याच अंकात बजावले.

महाडला तर बातमीचे दुसरेच रूप दिसले. २० मार्च १९२७ रोजी आपली माणसे बाबासाहेबांच्या मागोमाग चवदार तळ्यावर गेली, पाणी प्यायली आणि मंडपात परतली. त्यानंतर गावात हूल उठवण्यात आली की, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार! तसा कोणताही बेत नव्हता. परंतु तेवढ्या एका खोट्या बातमीवर काठ्या बाहेर पडल्या आणि परतीच्या तयारीत असलेल्या निःशस्त्र माणसांची डोकी फुटली.

यानंतर दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी, ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक निघाला. महाडच्या प्रकाराला बाबासाहेबांनी त्यात ‘धर्मसंगर’ म्हटले. वरिष्ठ हिंदूंची जबाबदारी कोणती, इंग्रज सरकारची कोणती आणि अस्पृश्य वर्गाची स्वतःची कोणती, हे त्यांनी वेगवेगळे करून मांडले. पदरी पैसा नाही, लिहायला माणसे नाहीत, अशा स्थितीत अंकाचे रकानेच्या रकाने त्यांना एकट्याला भरावे लागत. ज्याला अक्षर येई त्याने वाचायचे आणि बाकीच्यांनी भोवती बसून ऐकायचे, असे आपल्या वस्त्यांतून हे वाचन चाले. फुटलेले डोके हा नशिबाचा भोग नव्हे, तो आपल्या हक्कावरचा घाला आहे, ही समज तिथे पसरत गेली.

बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतरची एक गोष्ट तरुण वाचकांनी मुद्दाम लक्षात घ्यावी. १९७२ साली पुणे जिल्ह्यातील बावडा गावी बौद्धांवर बहिष्कार पडला. परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगाव येथे बौद्ध स्त्रियांची विटंबना झाली. या बातम्या छापून आल्या. हजारोंनी त्या वाचल्या आणि हळहळून बाजूला ठेवल्या. मुंबईतल्या काही तरुणांना मात्र त्या बाजूला ठेवता आल्या नाहीत. नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आणि त्यांचे सोबती यांनी त्याच वर्षी दलित पँथर उभी केली. १५ ऑगस्ट १९७२च्या ‘साधना’च्या अंकात राजा ढाले यांनी ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख लिहिला. बौद्ध स्त्रीच्या विटंबनेला किरकोळ दंड आणि राष्ट्रीय प्रतीकाच्या अपमानाला त्याहून मोठा दंड, हा हिशेब त्यांनी मांडला. त्यांची भाषा अनेकांना झोंबली, त्यावर वादळ उठले. पण ब्राह्मणगावची आतल्या पानावरची बातमी महाराष्ट्राच्या चर्चेत आली ती त्या लेखामुळे, असे आम्हाला वाटते.

आता खैरलांजी. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील या गावात सुरेखा भोतमांगे, त्यांची मुलगी प्रियंका आणि मुलगे सुधीर व रोशन यांची जमावाने निर्घृण हत्या केली. फक्त भैयालाल वाचले. गावात आपली घरे मोजकीच. सुरेखाताई जमिनीच्या तुकड्यासाठी गावाशी झगडत होत्या, मुलांना शिकवत होत्या. मारहाणीच्या एका प्रकरणात त्यांनी आरोपींविरुद्ध साक्ष देण्याचे धाडस केले होते. हे सारे बातमीत पहिल्या दिवशी यायला हवे होते. आले काय? सुरुवातीच्या काही वृत्तांत ‘अनैतिक संबंध’ आला, ‘संतप्त गावकरी’ आले. म्हणजे मेलेली बाई आरोपीच्या पिंजऱ्यात, आणि मारणाऱ्यांच्या संतापाला जणू कारण होते!

जवळजवळ महिनाभर देशातल्या मोठ्या वर्तमानपत्रांना आणि दूरदर्शन वाहिन्यांना खैरलांजीकडे नीट पाहायला सवड झाली नाही. गावात जाऊन खरी हकीकत गोळा केली ती विदर्भातल्या आपल्या कार्यकर्त्यांनी आणि सत्यशोधन पथकांनी. त्यांचे अहवाल, मृतदेहांची छायाचित्रे हातोहात फिरली आणि नोव्हेंबरमध्ये माणसे रस्त्यावर उतरली. महिनाअखेरीस, कानपूर येथे बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर, उल्हासनगरजवळ डेक्कन क्वीनचे डबे जळले. ती बातमी मात्र त्याच दिवशी देशभर पोहोचली. गाडी जाळणे आम्हाला मान्य नाही. पण जळालेल्या डब्यांना जी जागा तत्काळ मिळाली, ती चार माणसांना महिनाभर मिळाली नव्हती, हे विसरता येत नाही.

पुढे सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरले, सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती शिक्षा २५ वर्षांच्या कारावासावर आणली. दोन्ही न्यायालयांनी अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होत नाही असे ठरवले; सूडातून झालेली हत्या असे तिचे स्वरूप मानले गेले. वर्तमानपत्रांमुळे निकाल असा लागला, असे आमचे म्हणणे नाही. पण जातीचा उल्लेख पहिल्या बातमीतून वगळला गेला आणि निकालातूनही वगळला गेला, हे दोन्ही कागद समोर ठेवून कोणीही पाहावे. भैयालाल २०१७च्या जानेवारीत गेले.

माता-भगिनींनो, आज वर्तमानपत्रापेक्षा मोबाईलवरून बातमी आधी घरात येते, आणि ती पुढे पाठवायला आपलीच मुले सर्वांत तत्पर! महाडला एका अफवेने काठ्या उगारल्या, हे त्यांना सांगा. भगवान बुद्धांनी केसपुत्तच्या कालामांना ऐकीव गोष्ट केवळ ऐकली म्हणून मानू नका असे सांगितले होते, ते विहारातल्या बालवर्गात शिकवले जाते. मोबाईल हातात असतानाही ते आठवले पाहिजे.

रविवारी एखादी बातमी घरात मोठ्याने वाचावी आणि मुलांनाच विचारावे : यात कोणाचे म्हणणे आले आहे? पोलिसांचेच, की ज्याच्यावर प्रसंग गुदरला त्याचेही? ‘गट’ म्हटले आहे ते कोण? १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम लावले की नाही? तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे आहे का? आठवी-नववीतल्या मुलाला हे सहज जमते. आजीला तर शाळेत न जाताही जमते, कारण ‘गट’ म्हणजे कोण हे तिने गावात पाहिलेले असते.

आणि दुर्दैवाने असा प्रसंग आपल्याच वस्तीवर आला, तर तारीख, वेळ, हजर माणसे आणि बोललेले शब्द त्याच रात्री वहीत उतरवून ठेवावेत. फिर्याद देणाऱ्याला प्रथम खबरीची नक्कल विनामूल्य मिळण्याचा हक्क आहे. ती मागून घ्यावी, आणि बातमी छापून आली की दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचावेत.