निवृत्त जवानांचे न दिसणारे घाव

दिवाळी जवळ आली की आमच्या महाविद्यालयाच्या फाटकावरील पहारेकरी चार दिवसांची रजा मागतात. वीस वर्षे लष्करात काढून हवालदार म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ वागण्या-बोलण्यात अत्यंत शिस्तीचे. रजा सणासाठी असावी असाच सर्वांचा समज होता. पुढे परिचय वाढल्यावर कळले की, ते दिवस ते घरी नव्हे, तर शेतावरील वस्तीत एकटेच काढतात. फटाक्यांचा आवाज कानी पडला की त्यांना दरदरून घाम फुटतो आणि काश्मीरमधील एका चकमकीत गमावलेला सोबती डोळ्यांसमोर उभा राहतो. 'डॉक्टरांना दाखवलंत का?' असे विचारताच ते म्हणाले, 'सर, मी काय वेडा आहे?'

खरा प्रश्न या उत्तरातच दडलेला आहे. पायात गोळी लागली तर जवान रुग्णालयात जातो आणि त्याबद्दल त्याला लाज वाटत नाही. मनाला झालेली जखम मात्र तो वर्षानुवर्षे अंगावर काढतो. झोप न लागणे, तीच ती भयंकर स्वप्ने पडणे, किंचित आवाजाने दचकणे, अकारण संताप येणे, माणसांतून उठून जावेसे वाटणे आणि पुष्कळदा या सर्वांवर उतारा म्हणून मद्याचा आश्रय घेणे, ही लक्षणे घरच्यांना दिसतात. परंतु ती 'स्वभाव' म्हणून खपवली जातात.

हा विकार नवा नाही. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरांनी 'शेल शॉक' या नावाने त्याचे वर्णन केले. त्याच युद्धात पळपुटेपणा, भित्रेपणा यांसारख्या आरोपांखाली ब्रिटिश सेनेने आपल्याच शेकडो सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांपैकी काही जण मनाने खचलेले रुग्ण होते, हे मान्य होऊन ३०६ जणांना माफी मिळण्यास २००६ साल उजाडावे लागले. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांनी आणि त्यांच्या डॉक्टरांनी नेटाने पाठपुरावा केल्यावर १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आघातोत्तर ताणाच्या या विकारास आपल्या अधिकृत सूचीत स्थान दिले. तात्पर्य, ज्याला जग भित्रेपणा म्हणत होते, तो आजार ठरला.

प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक आहे. मनोविकारशास्त्र हा त्याचा प्रांत नव्हे. परंतु माणूस लाभहानीचा हिशेब कसा मांडतो, हा विचार त्याच्या परिचयाचा आहे. नोकरीत असताना जवान मनातले दुखणे लपवतो, त्यामागे एक हिशेब असतो. वैद्यकीय श्रेणी खालावेल, बढती हुकेल, सोबत्यांचा विश्वास उडेल, ही भीती त्याला असते. ती सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. निवृत्तीनंतर मात्र हा हिशेब पार बदलतो. उपचार घेतल्याने कमावलेले निवृत्तिवेतन बंद होत नाही, हुद्दा जात नाही. उलट उपचार न घेण्याची किंमत दरमहा चुकवावी लागते. कधी सुटलेल्या नोकरीत, कधी दारूच्या खर्चात, तर कधी धास्तावलेल्या मुलांच्या अभ्यासात. आपले बहुसंख्य जवान चाळिशीच्या आसपास निवृत्त होतात. पुढील तीस-चाळीस वर्षे जुन्या हिशेबावर घालवणे हा शुद्ध तोट्याचा व्यवहार आहे.

उपचार आहेत आणि त्यांचा गुण येतो. प्रशिक्षित तज्ज्ञाशी टप्प्याटप्प्याने होणारे संवादोपचार आणि आवश्यक तेथे औषधे यांनी अनेकांची झोप आणि घर पूर्ववत होते. २००३ पासून माजी सैनिकांसाठी अंशदायी आरोग्य योजना चालू आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचाराचा हक्क दिला असून रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधनही घातले आहे. तालुक्याच्या गावी मनोविकारतज्ज्ञ सहसा मिळत नाही, ही अडचण खरी आहे. तथापि, 'टेली-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य बोलता येते. सेनादलांसाठी या सेवेचा स्वतंत्र कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला.

साताऱ्याजवळच्या अपशिंगेसारखी गावे पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात मुलगे धाडत आली आहेत. आपण त्यांचा गौरव करतो, २६ जानेवारीला त्यांना व्यासपीठावर बसवतो आणि शौर्यकथा सांगण्याचा आग्रह धरतो. ज्या रात्री तो विसरू पाहतो, त्याच पुन्हा सांगायला आपण त्याला लावत असतो, हे आपल्या ध्यानातही येत नाही. त्याऐवजी शिक्षकांनी, कारकुनांनी, विद्यार्थ्यांनी आपल्या परिचयातील अशा एखाद्या काकांना, शेजाऱ्यांना 'झोप लागते का?' एवढेच विचारावे, आणि पहिल्या खेपेस दवाखान्यात त्यांच्यासोबत जावे. जखमी सोबत्याला मागे सोडायचे नाही, हा धडा जवानाला कोणी शिकवावा लागत नाही. तो आपण नागरिकांनी शिकायचा आहे.

आमचे पहारेकरी अद्याप डॉक्टरांकडे गेलेले नाहीत. परंतु परवा त्यांनी आपणहून विचारले, 'सर, तो नंबर कोणता म्हणालात?'