नऊ फेऱ्यांचा एक सेकंद

ऊसतोड टोळीने फड उरकला, शेवटची मोळी ट्रॉलीत चढली की रानात उरते ते पाचट. हेक्टरी ८ ते १० टन. कोल्हापूर-सांगलीपासून सोलापूर-अहिल्यानगरपर्यंत त्याला काडी लावण्याची रीत जुनी आहे. रान एका रात्रीत मोकळे होते, पण धुरातले सूक्ष्म कण फुप्फुसात खोलवर उतरतात आणि दमेकऱ्यांचा श्वास कोंडतो. नुकसान जमिनीचेही होते. पाचटात साधारण अर्धा टक्का नत्र असते. म्हणजे एका हेक्टरच्या पाचटाबरोबर ४० ते ५० किलो नत्र आगीच्या तोंडी जाते.

म्हणूनच अलीकडे अनेक शेतकरी ट्रॅक्टरच्या मागे पाचट कुट्टी यंत्र जोडतात. कोणी त्याला मल्चर म्हणतो, कोणी श्रेडर. द्राक्षबागेत छाटणीच्या काड्यांचा चुरा करणारे यंत्रही याच जातीचे. जमिनीला समांतर आडवा रोटर आणि त्यावर बिजागरीसारखी लोंबणारी लोखंडी पाती, अशी त्याची रचना. रोटर फिरू लागला की पाती सरळ ताठ होतात आणि पाचट ठेचून बारीक करतात. दगड लागला तर पाते मागे वळते, मोडत नाही. कुट्टी झालेले पाचट सरीत पसरते, ओल धरून ठेवते, तण दाबते आणि हळूहळू कुजून खोडव्याला खत होते.

फायद्याचे हे यंत्र चालते मात्र जीवघेण्या वेगाने. ट्रॅक्टरचा पीटीओ शाफ्ट साधारणपणे मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. शाफ्टची जाडी ५ सेंटीमीटर धरली तर एका सेकंदात जवळजवळ १ मीटर ४० सेंटीमीटर कापड त्याभोवती गुंडाळले जाते. उपरण्याचे टोक, ओढणी, साडीचा पदर, सैल बाही यातले काहीही एकदा अडकले की ओढून काढायला वेळच उरत नाही. धोका ओळखून मागे सरायला अर्धा सेकंद लागला, तरी तेवढ्यात ७० सेंटीमीटर कापड आणि त्यासोबत माणूस शाफ्टकडे खेचला गेलेला असतो. शाफ्टवरची प्लास्टिकची नळी म्हणूनच नुसती शोभेची नाही. ती फुटली असेल तर काम सुरू करण्याआधी बदलायला हवी.

रोटरचा वेग याहून मोठा. मिनिटाला २००० फेरे घेणाऱ्या रोटरवर पात्याचे टोक मध्यापासून २० सेंटीमीटरवर असेल, तर ते ताशी सुमारे १५० किलोमीटर वेगाने फिरते. वेगवान गोलंदाजाचा चेंडू याच वेगाने येतो. इथे चेंडूच्या जागी दगड, तारेचा तुकडा किंवा तुटलेला बोल्ट असू शकतो. मागचा रबरी पडदा किंवा साखळ्या काढून टाकून यंत्र चालवणे त्यामुळे धोक्याचे ठरते. फडात आधी एक फेरी मारून दगड, तारा वेचाव्यात. ठिबकच्या नळ्या गुंडाळून बाहेर काढाव्यात, नाहीतर त्या रोटरला वेढे घालतात. मुले, जनावरे, बघे लांब ठेवावेत.

चालवण्याची रीतही ठरलेली आहे. इंजिन कमी वेगावर असताना, यंत्र जमिनीपासून किंचित उचलून पीटीओ जोडावा. मग वेग वाढवावा आणि यंत्र हळूहळू खाली टेकवावे. पीटीओचा वेग पूर्ण आणि ट्रॅक्टरची चाल मंद, हे गणित सांभाळावे. घाईने वरचा गिअर टाकला की पाचट तुंबते. उंची अशी राखावी की पाती मातीत घुसणार नाहीत आणि बुडखे फाटणार नाहीत. बांधाशी वळताना यंत्र जास्त उचलायचे असेल, तर पीटीओ आधी बंद करावा.

सर्वांत घातक क्षण येतो पाचट तुंबल्यावर. इंजिन चालू ठेवून चालक खाली उतरतो आणि हाताने किंवा काठीने पाचट ओढू लागतो. पीटीओ बंद केला तरी वजनदार रोटर काही वेळ फिरतच राहतो. त्यामुळे क्रम कायम एकच असावा: पीटीओ बंद, यंत्र जमिनीवर, इंजिन बंद, चावी खिशात, रोटर थांबल्याची डोळ्यांनी खात्री आणि मगच हात.

देखभाल हा सुरक्षेचाच भाग आहे. रोज काम सुरू करण्याआधी रोटरच्या बेअरिंगला आणि शाफ्टच्या क्रॉसना ग्रीस द्यावे, गिअरबॉक्सचे तेल पाहावे, पट्ट्यांचा ताण आणि पात्यांचे बोल्ट तपासावेत. एक किलोचे पाते तुटले तर होणारा असमतोल किरकोळ नसतो. त्याचे वजन मध्यापासून १५ सेंटीमीटरवर धरले, तर २००० फेऱ्यांना रोटरवर साडेसहाशे किलोंहून अधिक एकतर्फी ओढ बसते. बेअरिंग फुटते, सांगाड्याला तडे जातात. यंत्र अचानक थरथरू लागले तर ताबडतोब थांबवावे. पाते बदलताना समोरच्या बाजूचेही बदलावे, म्हणजे तोल राहतो. यंत्राखाली शिरण्यापूर्वी भक्कम ठोकळे लावावेत, केवळ हायड्रॉलिकच्या भरवशावर राहू नये. गिअरबॉक्स आणि सायलेन्सरवर साचलेला भुसा रोज झाडावा, कारण वाळलेल्या फडात एक ठिणगीही पुरते.

एवढे करूनही अपघात झालाच, तर आधी यंत्र बंद करावे. जखमेवर स्वच्छ कापड ठेवून घट्ट दाबावे आणि १०८ क्रमांकावर फोन करावा. बोट तुटले असेल तर ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट थेट बर्फात ठेवू नये. डोळ्यात काही घुसले असेल तर चोळू नये, उपसू नये. डोळ्यावर दाब न येईल असे झाकून रुग्णालय गाठावे.

तुंबलेले पाचट रीतसर काढायला पाचेक मिनिटे जास्त लागतात. गळिताच्या धांदलीत ती जड वाटतात, पण संध्याकाळी दोन्ही हातांनी भाकरी मोडायची असेल तर ती द्यावीच लागतात.