दाताचा ठसा आणि उद्याचा दंतवैद्य

किडलेल्या वा मोडलेल्या दातावर टोपी बसवावयाची झाल्यास त्या दाताचा हुबेहूब आकार प्रथम हाती यावा लागतो. याकरिता दीर्घकाळ एकच रीत रूढ होती. मऊ लगदा ट्रेमध्ये भरून रुग्णाच्या तोंडात दाबून धरावयाचा, तो घट्ट झाला की काढून घ्यावयाचा आणि त्या ठशात प्लास्टर ओतून दाताची प्रतिकृती करावयाची. तिच्यावर मेणाची टोपी कोरून मग मेणाच्या जागी धातू ओतला जाई. ही रीत अद्यापि चालू आहे आणि दंतवैद्यकाचे असंख्य विद्यार्थी आजही तिच्यावरच आपला हात बसवितात.

लगद्याऐवजी प्रकाशानेच ठसा घ्यावा, ही कल्पना फ्रान्समधील फ्रान्स्वा द्युरे यांनी १९७३ साली लियाँ येथील आपल्या प्रबंधात मांडली. १९८५ मध्ये झुरिच विद्यापीठात दंतवैद्य व्हेर्नर म्योरमान आणि विद्युत्-अभियंता मार्को ब्रांडेस्टिनी यांच्या यंत्राने घडविलेले चिनीमातीसारख्या पदार्थाचे भरण एकाच बैठकीत रुग्णाच्या दातात बसविण्यात आले. आता तोंडात फिरविलेला लहानसा कॅमेरा एकामागून एक चित्रे टिपतो. संगणक ती जुळवून दाताची त्रिमिती आकृती उभी करतो. पडद्यावर टोपीचा आराखडा ठरला की दुसरे यंत्र ती ठोकळ्यातून कोरून काढते. हेच डिजिटल दंतवैद्यक होय.

विद्यार्थ्यांना या विद्येची ओळख कितपत आहे? निरनिराळ्या देशांतील पाहण्यांत एक गोष्ट वारंवार आढळते. तिचे नाव व उपयोग बहुतेकांनी ऐकलेले असतात आणि ती शिकण्याची उत्सुकताही असते. परंतु स्वतः यंत्र हाताळण्याची संधी थोड्यांनाच मिळते. यंत्रे महाग, आणि एका यंत्रामागे विद्यार्थी अनेक. साहजिकच ज्ञान व्याख्यानापुरते राहते.

अशा अपुऱ्या ओळखीतून दोन टोकांच्या समजुती संभवतात. यंत्र आले, आता हातकौशल्य कशाला, असे कोणी म्हणेल. यंत्रामुळे कौशल्य लोपेल, अशी भीती दुसऱ्यास वाटेल. यंत्राचे कार्य समजून घेतले म्हणजे दोन्ही समजुती गळून पडतात.

कॅमेऱ्यास प्रकाश पोहोचतो तेवढेच दिसते. दाताची कड हिरडीखाली दडली असेल, तीवर लाळ वा रक्त साचले असेल, तर ती त्यास टिपता येत नाही. काही प्रणाली अशी लहान उणीव अंदाजाने भरून काढतात. मग पडद्यावरील चित्र नेटके दिसते, पण टोपी मात्र नीट बसत नाही आणि फटीतून पुन्हा कीड शिरते. याउलट, दात तासताना राहिलेला दोष पडद्यावर मोठा होऊन लगेच दिसतो व रुग्ण खुर्चीत असतानाच सुधारता येतो. लगद्याने उमासे येणाऱ्या रुग्णाचा त्रासही टळतो.

मात्र दात किती तासावा, याचा निर्णय यंत्र घेत नाही. दंतवल्क निर्माण करणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंतच नाहीशा होतात. म्हणून एकदा तासलेले दंतवल्क पुन्हा वाढत नाही. चुकलेला ठसा दुसऱ्यांदा घेता येतो, परंतु अधिक तासलेला दात पूर्ववत होत नाही. म्हणूनच विद्यार्थ्याच्या हाती कॅमेरा लवकर यावा हे जितके इष्ट, तितकेच त्या हातास दाताची पारख आधी यावी हे आवश्यक आहे.