जुन्या जॅकला नवे सील

जुन्या बाजारात किंवा बंद पडलेल्या गॅरेजात कधी कधी ओतीव लोखंडाचा, चार चाकांचा हायड्रॉलिक ट्रॉली जॅक हाती लागतो. दांडा मारला की तो वर जातो. पण मोटारीचे वजन येताच हळूहळू खाली बसतो. असा जॅक बहुधा भंगारात जातो. वास्तविक सांगाडा धडधाकट असतो, झिजलेले असते ते आतले सील. मात्र सांगाड्याला वा उचलणाऱ्या हाताला तडा असेल, वेल्डिंगचे ठिगळ असेल, तर दुरुस्तीच्या फंदात पडू नये.

जॅकचे काम पास्कलच्या नियमावर चालते. पंपाच्या दट्ट्याचा व्यास १ सेंटिमीटर आणि मोठ्या दट्ट्याचा ४ सेंटिमीटर असेल, तर जोर १६ पट होतो. दांड्याच्या तरफेचा फायदा वेगळाच. इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा याने १७९५ मध्ये हायड्रॉलिक प्रेसचे पेटंट घेतले, तेव्हाही मोठी अडचण गळतीचीच होती. ती सोडवली चामड्याच्या वाटीने. दाब वाढेल तशी ही वाटी अधिकच घट्ट बसते. तिचे श्रेय ब्रामाकडे काम करणाऱ्या हेन्री मॉड्सले याला दिले जाते. जुन्या जॅकमध्ये अशा वाट्या अजूनही सापडतात. नवी वाटी बसवण्यापूर्वी ती तेलात भिजवून मऊ करावी.

जॅक उघडताना ताणलेल्या स्प्रिंगांपासून चेहरा दूर ठेवावा. झडपांमधले पोलादी छर्रे आणि बारीक स्प्रिंगा ज्या क्रमाने निघतील, त्याच क्रमाने मांडून त्यांचे छायाचित्र घ्यावे. येथे गफलत झाली तर जॅक दाबच धरत नाही. धातूचे भाग रॉकेलने धुऊन कोरडे करावेत. नव्या सीलचे माप खाचेवरून आणि दट्ट्यावरून घ्यावे. जुने रबर फुगलेले असते, त्यावर विसंबू नये. दट्ट्यावर गंजाचे खड्डे नखाला जाणवत असतील, तर नवे सीलही लवकरच फाटेल.

तेल हायड्रॉलिक जॅकचेच हवे. ब्रेक ऑइलही दाबावरच चालते, म्हणून अनेक जण तेच ओततात. पण ते बहुधा ग्लायकोलवर आधारित असते आणि जॅकमधले नायट्राइल रबर त्याने फुगून खराब होते. तेल दट्ट्या पूर्ण खाली असतानाच भरावे. मग सोडझडप उघडी ठेवून दांडा दहा-पंधरा वेळा मारला की अडकलेली हवा निघते. जादा वजनापासून वाचवणाऱ्या सुरक्षा झडपेचा स्क्रू मात्र मुळीच फिरवू नये.

शेवटी परीक्षा. मोटारीची एक बाजू उचलावी, खाली स्टँड लावावेत, पण मोटार त्यांच्यापासून बोटभर वर राहू द्यावी. उंचीची खूण करून अर्धा तास थांबावे. खूण जराही खाली आली तर जॅक पुन्हा उघडावा. न आली तरी मोटारीखाली शिरायचे ते तिचे वजन स्टँडवर टेकवल्यावरच. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे.