ड्रॉवरमधला टॉर्च आणि पाड्यावरची रात्र



आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी एक ड्रॉवर असतोच. त्यात जुन्या किल्ल्या, बंद पडलेले घड्याळ, चार-दोन लग्नपत्रिका आणि त्यांच्याखाली कुठल्यातरी कंपनीने दिवाळीला किंवा मीटिंगमध्ये भेट दिलेला एक छोटा टॉर्च. त्यावर कंपनीचे नाव छापलेले. एकदा लावून पाहिला, मुलांनी दोन दिवस खेळून घेतला आणि ठेवून दिला. घरात दिवे आहेत, सोसायटीत जनरेटर आहे, हातात मोबाईल आहे. टॉर्चची आठवण यावी तरी कशाला?

गेली काही वर्षे तुम्ही असे टॉर्च आमच्याकडे पाठवता आणि आम्ही ते जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर पोहोचवतो. इकडे वारली, कोकणा, महादेव कोळी आणि कातकरी बांधवांची वस्ती आहे. त्यांच्या बोलण्यात टॉर्चला ‘बॅटरी’च म्हणतात. एका आजोबांच्या बॅटरीवर गृहकर्जाची जाहिरात आहे. त्यांचे स्वतःचे घर कारवीच्या कुडाचे, शेणाने सारवलेले. ते मला हसत म्हणाले, “सिस्टर, बँक मला कर्ज देणार नाही, पण उजेड दिला!” अशी ही छोटी वस्तू. मी या भागात परिचारिकेचे काम करते. या टॉर्चचा खरा उपयोग काय होतो आणि तो कधी होत नाही, हे या अंकात तुम्हाला सांगायचे आहे. सुरुवात आमच्या चुकीपासून करते.

टॉर्च होता, सेल नव्हते

एका उन्हाळ्यात आम्ही एका पाड्यावर घरटी एक टॉर्च दिला. फोटो काढले, प्रार्थना केली, परत आलो. टॉर्चमध्ये कंपनीने घातलेलेच सेल होते. ते किती जुने होते, हे कोणी पाहिले नव्हते.

ऑगस्टमधल्या एका रात्री त्या पाड्यावरची एक लेकुरवाळी बाई बाहेर जाण्यासाठी उठली. बाहेर पाऊस होता आणि वीज दोन दिवसांपासून गेलेली. तिने टॉर्च शोधून बटण दाबले, पण तो लागला नाही. तशीच ती अंधारात उंबऱ्याबाहेर उतरली आणि पायाला काहीतरी चावले. थोड्याच वेळात पाय सुजू लागला. तिला झोळीत घालून चौघे डांबरी रस्त्याकडे निघाले. चौघांत मिळून एकच मोबाईल आणि त्याचे चार्जिंग संपत आलेले. उजेड पाडावा तर फोन करता येईना, फोनसाठी चार्जिंग राखावे तर ओढ्यातले दगड दिसेनात. दिवसा पाऊण तासाची वाट, त्या रात्री दोन तास लागले.

देवाच्या कृपेने ती वाचली. रुग्णालयात सर्पदंशाची लस मिळाली. घोणस किंवा फुरसे असावे, असे डॉक्टर म्हणाले. मी भेटायला गेले तेव्हा ती रागावली नव्हती. एवढेच म्हणाली, “सिस्टर, तुमची बॅटरी होती ना घरात. पण सेल नव्हते तिच्यात.”

दहा कुमारींचा दाखला आपण सर्वांनी संडे स्कूलपासून ऐकला आहे. दिवे दहाही जणींकडे होते, फरक तेलाचा होता. मी तो दाखला इतरांना कितीदा तरी समजावून सांगितला असेल. त्या दिवशी रुग्णालयाच्या बाकावर बसून तो मला समजला. तेव्हापासून आम्ही नुसता टॉर्च देत नाही. सेल तपासतो, जादा सेल देतो आणि वापर शिकवतो. काय शिकवतो ते पुढे लिहिते. त्यातले बरेचसे तुमच्याही घरी उपयोगी पडेल.

रोजचे उपयोग

पहिला उपयोग चालण्याचा. टॉर्च समोर लांब मारायचा नाही, दोन पावले पुढे जमिनीवर मारायचा. साप आणि विंचू जमिनीवरच असतात. रात्री अंथरूण घालण्याआधी गोधडी झटकून कोपऱ्यांत उजेड फिरवायचा. लाकडे किंवा गोवऱ्या काढताना आधी उजेड, मग हात. मण्यार हा साप रात्री घरात शिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. त्याच्या दंशाने अनेकदा दुखतही नाही, म्हणून ही तपासणी महत्त्वाची.

दुसरा उपयोग पाण्याचा. वैतरणेवरच्या धरणांचे पाणी मुंबईला जाते, पण एप्रिल-मे महिन्यांत मोखाड्यातल्या कितीतरी बाया झऱ्याशी रात्रीच्या नंबर लावून बसतात, कारण पाणी वाटी-वाटीने साचते. विहिरीत उतरताना एक जण वर टॉर्च धरून उभी राहिली तर पाय घसरत नाही.

तिसरा उपयोग शेताचा आणि रानाचा. पहिल्या पावसात चढणीचे मासे आणि खेकडे धरायला माणसे रात्री बाहेर पडतात. पूर्वी यासाठी टेंभा पेटवत. नाचणी-वरई पिकली की रानडुकरे हाकलायला माळ्यावर रात्र काढावी लागते. दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर कामाला जाणारी कुटुंबेही टॉर्च बरोबर नेतात, कारण भट्टीवरच्या झोपडीत वीज असेलच असे नाही.

चौथा उपयोग अभ्यासाचा. टॉर्चचा झोत एकाच ठिकाणी पडतो आणि डोळ्यांवर ताण येतो. त्यावर सोपी युक्ती आहे. पाण्याने भरलेली पारदर्शक प्लास्टिकची बाटली घ्यायची आणि खालून टॉर्च लावायचा. उजेड चौफेर पसरतो. पाण्यात दुधाचे दोन थेंब टाकले तर आणखी मऊ पडतो. रॉकेलच्या चिमणीचा धूर नाही आणि ती कलंडून आग लागण्याची भीतीही नाही.

अडचणीच्या वेळी

*झोळी नेताना.* दोन टॉर्च हवेत. पुढच्या माणसाने वाट दाखवायची, मागच्याने झोळी उचलणाऱ्यांच्या पायांजवळ उजेड धरायचा. मागे वळून कोणाच्या तोंडावर झोत मारायचा नाही. अंधाराला सरावलेले डोळे एका झोताने दिपतात आणि पुन्हा पुरते सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात. काचेवर पातळ लाल कापड बांधले तर डोळे कमी दिपतात. आजाऱ्याजवळ किंवा झोपलेल्या बाळाजवळ हे बरे पडते. मोबाईल मात्र उजेडासाठी वापरायचा नाही. तो १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावण्यासाठी राखायचा.

*सर्पदंश झाल्यावर.* साप शोधायला टॉर्च घेऊन मागे लागू नये. त्यात दुसऱ्यालाही दंश होतो. चावलेला हात किंवा पाय हलू द्यायचा नाही. पैंजण, कडे, अंगठी काढायची, कारण सूज आल्यावर ती निघत नाहीत. चिरायचे नाही, चोखायचे नाही, आवळून दोरी बांधायची नाही. चेहऱ्यावर बाजूने उजेड धरून पाहावे. पापण्या जड होऊन मिटू लागल्या असतील, बोलणे अडखळत असेल तर नाग किंवा मण्यारीचे विष असू शकते, हे डॉक्टरांना सांगावे. काहीच दिसत नसले तरी थांबायचे नाही. रुग्णालय गाठायचेच.

*विंचवासाठी.* काही दुकानदारांना आणि बँकांच्या ग्राहकांना नोटा तपासायचा जांभळ्या प्रकाशाचा टॉर्च भेट मिळतो. तुमच्याकडे असेल तर टाकून देऊ नका. त्या प्रकाशात विंचू हिरवट चमकतो! अंधाऱ्या कोपऱ्यात तो इतका स्पष्ट दिसतो की मुले आश्चर्याने ओरडतात. मात्र हा प्रकाश डोळ्यांत मारू नये. आमच्याकडचा लाल विंचू जिवावर बेतू शकतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून विंचूदंशाचे मृत्यू पुष्कळ कमी झाले, पण औषध वेळेवर मिळायला हवे.

*बाळंतपणात.* वीज गेलेल्या खोलीत मी टॉर्चच्या उजेडावर काम केले आहे. टॉर्च धरणाऱ्या बाईने नर्सच्या खांद्यामागून, थोडा वरून धरावा, म्हणजे नर्सच्या हातांची सावली पडत नाही. हात थरथरत असेल तर कोपर भिंतीला टेकवावे. आणि काही झाले तरी उजेड हलवू नये.

*ओढ्याला पूर आल्यावर.* पलीकडे आवाज पोहोचत नाही, पण उजेड पोहोचतो. डोंगरात मदत मागण्याची जगभर मानलेली खूण अशी: एका मिनिटात ६ वेळा उजेड दाखवायचा, मग एक मिनिट थांबायचे आणि पुन्हा ६ वेळा. ज्याला ती दिसली त्याने मिनिटात ३ वेळा उजेड दाखवून उत्तर द्यायचे. आमच्या पाड्यांवरच्या मुलांनी हे खेळ म्हणून शिकून घेतले. त्यांच्यामुळे मोठ्यांनाही पाठ झाले.

निगा

टॉर्चची जागा ठरलेली हवी. आम्ही प्रत्येक घरी दोरी बांधून तो मधल्या मेढीला, मोठ्या माणसाच्या हाताला अंधारात लागेल एवढ्या उंचीवर टांगायला सांगतो. वापरला की परत तिथेच.

जुना आणि नवा सेल एकत्र घालू नये. जुना सेल नव्यालाही लवकर संपवतो आणि गळण्याची शक्यता वाढते. टॉर्च महिनोन् महिने वापरायचा नसेल तर सेल काढून कोरड्या पिशवीत ठेवावेत. प्रवासात बटण आपोआप दाबले जाते, म्हणून सेल आणि झाकणाच्या मध्ये जाड कागदाचा तुकडा घालावा. पांढरी किंवा हिरवट भुकटी दिसली तर सेल गळला आहे. तो काढून टाकावा, आतला पत्रा कोरड्या फडक्याने घासावा आणि हात धुवावेत. कित्येक ‘बिघडलेले’ टॉर्च एवढ्यानेच सुरू होतात. आणि दर रविवारी एकदा बटण दाबून पाहावे. आमच्या पाड्यांवर उपासना संपली की एक मुलगा घरोघर जाऊन हे काम करतो. उजेड पिवळट झाला असेल तर त्या घराला सेल देतो.

तुम्ही काय पाठवावे

पावसाळा तोंडावर आला आहे. या अंकासोबत माझी तुम्हाला विनंती आहे, ती यादीनेच लिहिते.

१. ड्रॉवर उघडा. टॉर्च लागतो का पाहा. लागत नसेल तर सेल बदलून पुन्हा पाहा. तरीही लागला नाही तर पाठवू नका. इथे तो कचराच होईल.

२. पेन्सिल सेलवर चालणारे टॉर्च उत्तम, कारण ते सेल गावच्या दुकानात मिळतात. प्रत्येक टॉर्चबरोबर निदान एक जादा जोड द्या.

३. चार्जिंगचे टॉर्चही चालतात, पण चार्जर जोडूनच पाठवा. जिथे वीज टिकते त्या पाड्यांवर आम्ही ते देतो.

४. किल्लीला लावायचे, बटणासारख्या चपट्या सेलचे टॉर्च लहान मुले असलेल्या घरासाठी देऊ नका. तो सेल मुलाने गिळला तर दोन तासांच्या आत अन्ननलिका भाजू शकते. तुमच्याही घरी नातवंडे असतील तर असे टॉर्च त्यांच्या हाती लागू देऊ नका. गिळल्याचा संशय आला तरी उलटी करवू नका, लगेच रुग्णालयात न्या.

५. टॉर्चवर कंपनीचे नाव छापले आहे म्हणून संकोच करू नका. अंधारात ते कोणी वाचत नाही.

मागच्या वर्षी एका मंडळीच्या तरुण संघाने टॉर्च गोळा केले आणि एका महिला मंडळाने फक्त सेल दिले. देणगीच्या यादीत सेल फार लहान दिसतात. मला विचाराल तर ती देणगी टॉर्चपेक्षा लहान नव्हती.

ती बाई आता बरी आहे. पाय अजून थंडीत दुखतो. मागच्या पावसाळ्यात मी रात्री उशिरा त्या पाड्यावर पोहोचले तेव्हा बांधावर कोणीतरी उजेड धरून उभे होते. झोत माझ्या तोंडावर नव्हता, पायांपुढे दोन पावले होता. जवळ गेल्यावर तीच दिसली. म्हणाली, “या सिस्टर. कालच सेल बदललेत.”

येत्या पावसाळ्यात पाड्यांवरच्या कुटुंबांसाठी, रात्री झोळी वाहणाऱ्यांसाठी आणि आरोग्य केंद्रांत रात्रपाळी करणाऱ्या डॉक्टर-नर्ससाठी प्रार्थना करावी, ही विनंती. आणि प्रार्थनेनंतर ड्रॉवर उघडायला विसरू नका.